आफ्रिकी त्वचेच्या शिबिरात मराठी रांग

गेल्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात आफ्रिकी लोकांच्या नेहमीच्या त्वचारोगांवरील संशोधनासाठी तपासणी शिबिर झालं. सकाळी पहिली बस भरून आली. तिच्यातून उतरलेल्यांत एकही आफ्रिकी नव्हता.

मी आरोग्यविषयक बातम्या लिहितो. डॉ. वैशाली कारखानीस मूळच्या पुण्याच्या, दुबईत त्वचारोगतज्ज्ञ. शिबिर बघायला त्यांनीच बोलावलं होतं. दुबईच्या सिलिकॉन ओएसिस वसाहतीतल्या त्यांच्या घरून आम्ही सकाळी निघालो. महामार्गाच्या कडेनं वाळू डांबरावर सरकत होती. शारजा लागलं तसे काचेचे मनोरे मागे पडले आणि गॅरेजं, टायरचे ढीग, चाकं काढलेले ट्रक सुरू झाले. वाटेत करक (दाट उकळलेला वेलचीचा चहा) घेतला.

"गोऱ्या कातडीवर पुरळ लाल दिसतं," गाडी चालवता चालवता डॉक्टर म्हणाल्या. "काळ्या कातडीवर तेच जांभळट, राखाडी, कधी नुसतंच गडद. पुस्तकांतले बहुतेक फोटो गोऱ्यांचे. मग डॉक्टर चुकतो आणि पेशंट महिनोन्महिने भलतंच मलम चोळत बसतो." त्यांना काळ्या त्वचेचे फोटो आणि नोंदी हव्या होत्या. युगांडा, केनिया, नायजेरियाचे कामगार या भागात पुष्कळ आहेत.

जागा मिळवून दिली होती तिथल्या मराठी मंडळाचे सचिव सावंत यांनी. टायरचं रिकामं गोदाम, बाहेर कंपाऊंड आणि गेट. कामगारांच्या वस्तीवरून लोक आणायला बसही त्यांनीच ठरवली होती. बसमधून उतरली ती मराठी कुटुंबं. हातात डबे, पाण्याच्या बाटल्या, काखेत मुलं.

चौकशीत क्रम असा निघाला. शिबिराचा संदेश मंडळाच्या ग्रुपवर गेला. पुढे पाठवताना कुणीतरी तो छोटा केला: मोफत त्वचा तपासणी, मराठी डॉक्टर. शारजात पार्किंग मिळत नाही म्हणून सगळ्यांनी गाड्या एका मॉलपाशी लावल्या आणि वस्तीकडे निघालेली बस हात करून थांबवली. बसचालक पेशावरचा होता. तो म्हणाला, "मैंने पूछा, डॉक्टर का कॅम्प? सब बोले, हां. बस फुल, खलास." दुसरी फेरी त्याच्या ठरलेल्या कामात नव्हती.

"आता आलेच आहेत तर उद्घाटन करून घेऊ," सावंत म्हणाले आणि समई काढली. तेवढ्यात गेटवरचा सुरक्षारक्षक गेटवर नजर ठेवूनच गोदामाच्या दारापर्यंत आला. जोसेफ, युगांडाचा, उंच, गणवेशाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. टायरच्या गोदामात ज्योत पेटवायला बंदी आहे, असं त्यानं नम्रपणे सांगितलं. सावंतांनी कुणाच्या तरी पिशवीतल्या दिवाळीच्या सामानातून बॅटरीवरची पणती मागवली. डॉक्टरांनी तिचं बटण दाबलं. टाळ्या झाल्या. साबुदाण्याची खिचडी वाटली गेली.

रांग लागली. कोंडा, भेगा, एका गृहस्थांचं टक्कल. एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला आईनं पुढे ढकललं. मुलगी म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट ड्राय स्किन. कॅन वी गो?"

मी खिचडीची एक प्लेट गेटवर नेली. जोसेफनं ती घेतली, पण हात लांबवूनच. बाही वर सरकली तेव्हा मनगटावर गडद जांभळट चट्टे दिसले. दोन दवाखान्यांनी नायटा समजून मलमं दिली होती, असं तो म्हणाला. सुपरवायझरनं त्याला खोलीतून काढून सामानाच्या कोठीत झोपायला लावलं होतं. हा रोग पसरत नाही असं कुणा डॉक्टरनं मंगळवारपर्यंत सांगितलं नाही, तर परतीचं तिकीट.

"मग आत का येत नाहीस?"

"ड्यूटी," तो म्हणाला. "बदली माणूस संध्याकाळी येतो. गेट सोडलं तर तिकीट आजच."

मी डॉक्टरांना सांगितलं. दुपारनंतर त्यांना हॉस्पिटलात हजर व्हायचं होतं. त्या उठल्या, भिंग घेतलं आणि स्टूल उचलून गेटकडे निघाल्या. मागोमाग अख्खी रांग निघाली, आपापला क्रम न सोडता.

"डॉक्टर, आमचा नंबर होता हो," एक काकू म्हणाल्या.

"काकू, तुमचा कोंडा पळून जाणार नाही."

डॉक्टरांनी उघड्या बोटांनी चट्टे चाचपले, भिंगातून पाहिले, मग जोसेफला तोंड उघडायला सांगितलं. सावंतांनी मोबाइलचा उजेड धरला. रांग पुढे झुकली. गालाच्या आतल्या बाजूला लेससारख्या पांढऱ्या रेघा होत्या.

"लायकेन प्लेनस," डॉक्टर म्हणाल्या. "खाज येते, डाग मागे राहतात, पण एकाचं दुसऱ्याला होत नाही. उद्या हॉस्पिटलात ये, कातडीचा तुकडा तपासून खात्री करू." तेवढ्यात एक ट्रक आला. जोसेफनं तोंड मिटलं, गेट उघडलं, ट्रकचा नंबर टिपला, गेट लावलं आणि पुन्हा स्टुलावर बसून तोंड उघडलं. डॉक्टरांनी फोटो घेतले.

मग त्यांनी त्याच्या सुपरवायझरला फोन लावला.

"मॅडम, आपने हाथ लगाया उसको?" पलीकडून आवाज आला.

"लगाया. बिना ग्लव्ह के."

मग, "रिपोर्ट आने दो. इन्शाल्ला देखेंगे."

डॉक्टरांसाठी आणलेली शाल आणि नारळ सावंतांनी शिबिराचे पहिले सहभागी म्हणून जोसेफला दिले. गणवेशावर शाल शोभते का, यावर रांगेत मतभेद झाले. ती न काढता त्यानं पुढच्या ट्रकला गेट उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जोसेफच्या ड्यूटीआधी, तुकडा घेतला गेला. त्या संध्याकाळी मी पुण्याच्या विमानात बसलो. मंगळवार दुपारपर्यंत काही कळलं नाही. संध्याकाळी डॉक्टरांचा संदेश आला. अहवालात लायकेन प्लेनसच होतं. सुपरवायझरनं तो वाचून जोसेफला त्याच्या खोलीतली खाट परत दिली होती, आणि डॉक्टरांना स्वतःच्या मानेचे चार फोटो पाठवले होते.