रजिया आपांची पात्रता

रजिया आपा गेल्याचं त्यांच्या मुलीनं, समीनानं, सकाळी फोनवर सांगितलं. "मावशी, अम्मी नमाज पढून जरा पडते म्हणाल्या... आणि उठल्याच नाहीत." मी छावणीतल्या त्यांच्या घरी पोचले तेव्हा बाहेरच्या खोलीत बायका बसल्या होत्या. शेजारी नव्यानंच राहायला आलेल्या एका बाईंनी मला हळूच विचारलं, "या नर्स होत्या की कॉम्प्युटरवाल्या? कुणी असं सांगतं, कुणी तसं." दोन्ही होत्या, असं मी म्हणाले खरी, पण उत्तर माझं मलाच अपुरं वाटलं. त्याला आता तीन आठवडे झाले. तो प्रश्न काही डोक्यातून जात नाही.

आमची ओळख झाली तेव्हा शहर अजून औरंगाबाद होतं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता, आणि बायपासच्या पलीकडं मात्र नव्या कॉलन्या उभ्या राहतच होत्या. नळ तिथवर पोचलेले नव्हते, पोचत ते टँकर. मी नुकती इंजिनिअर झालेली. एका धर्मादाय रुग्णालयातल्या मुलांच्या वॉर्डात कॉम्प्युटरवरच्या नोंदी सुरू करून देण्याचं काम माझ्याकडं आलं होतं. रजिया सिस्टर त्या वॉर्डाच्या प्रमुख. मूळच्या पिशोरच्या, बोलण्यात गावची मराठी आणि घरची दखनी सहज मिसळलेली. मी मोठ्या उत्साहानं माझा फॉर्म त्यांना दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "लई छान केलंय, बाई. पण हे बत्तीस रकाने भरायचे कुणी? मी लेकराला सलाईन लावू का हे भरत बसू?"

मला राग आला. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं म्हणून सकाळच्या ड्युटीला त्यांच्यामागून फिरले. ताप मोजला की त्या आकडा डाव्या तळहातावर पेननं लिहीत, आणि दुपारी सवड मिळाली की सगळं एकदम कॉम्प्युटरवर चढवत. त्यामुळं माझ्या यादीत वॉर्डातल्या यच्चयावत मुलांना बरोबर पावणेएकला ताप आलेला! ते बघून त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग एकदम थांबून म्हणाल्या, "बेटा, हे मी लिहिते ते जातं कुठं? वाचतं कोण?" असा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता. त्या दिवसापासून त्या माझ्या आपा झाल्या. बत्तीस रकान्यांचे अकरा झाले, आणि कॉम्प्युटर टेबलावरून उतरून चाकांच्या ट्रॉलीवर खाटांपाशी आला.

ट्रॉली यायला मात्र दोन महिने लागले, आणि मधे उन्हाळा होता. उलट्या-जुलाबांनी सुकलेली मुलं रोज येत होती. त्यांत एका नव्या इमारतीच्या कामावर पाचोडहून आलेल्या जोडप्याची आठ महिन्यांची मुलगी होती. दाखल करताना आई म्हणाली होती, की नव्या टँकरच्या पाण्याला वास येतो. आपांनी ते तळहातावर लिहून घेतलं. मग दुसऱ्या बाळाकडं जाताना हात धुतला... तिसऱ्या दिवशी ती मुलगी गेली. त्याच आठवड्यात दुसरी एक आई पाण्याच्या वासाचं बोलली, तेव्हा आपा जागच्या जागी थिजल्या. मी समोरच होते. "हातावर लिहिलं होतं," एवढंच म्हणाल्या. "हात धुतला. गेलं."

मुख्य डॉक्टरांनी त्यांची समजूत घातली, की मुलगी आली तेव्हाच फार उशीर झाला होता, पाण्याचं कळून तिच्या उपचारांत काही फरक पडला नसता. आपांनी ऐकून घेतलं. "व्हय साहेब, ती नसती वाचली. पण तिच्या मागून आली ती लेकरं?" त्यांना फॉर्ममध्ये आणखी एक रकाना हवा होता : पाणी कुठलं पिता? डॉक्टर म्हणाले, पत्ता आहे की. आपा म्हणाल्या, "पत्ता घराचा असतो साहेब, पाण्याचा नसतो. एका गल्लीत तीन तीन टँकर येतात." डॉक्टरांनी आठ दिवसांची मुभा दिली. मी त्याच दुपारी रकाना करून दिला.

आपा पुढचे आठ दिवस प्रत्येक आईला विचारत राहिल्या. टँकर कुठल्या रंगाचा, कुठून भरून येतो, किती वाजता. पण मला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. हात मोडून आलेल्या, गोवर झालेल्या मुलांच्या आयांनाही त्या तेच विचारत होत्या. "यांना कशाला?" मी म्हणाले. "ज्यांना जुलाब नायत ते कुठलं पितात, ते नको कळायला?" चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून मला हे सुचलं नव्हतं. आठव्या दिवशी आम्ही यादी काढली. जुलाबाची बहुतेक मुलं तीन वेगवेगळ्या कॉलन्यांतली, पण पाणी एकाच विहिरीचं. बाकीच्या मुलांत त्या विहिरीचं पाणी पिणारं एकच. डॉक्टरांनी यादी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि स्वतः पत्र घेऊन महापालिकेच्या कचेरीत गेले. पाणी तपासलं, खराब निघालं, ती विहीर टँकरसाठी बंद झाली. पंधरा दिवसांत वॉर्डातल्या खाटा रिकाम्या दिसू लागल्या. आपांना कुणी हार घातला नाही. त्यांनाही तो सुचला नसता. त्या दिवशी त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, की पाचोडच्या त्या मुलीच्या नोंदीत हा रकाना आता भरता येईल का. मी उघडून दिला. त्यांनी विहिरीचं नाव लिहिलं.

पुढं वर्षं गेली, रुग्णालय चार मजली झालं आणि 'इन्फर्मेटिक्स नर्स' असं एक पद निघालं. जाहिरातीत पात्रता होती : परिचारिका म्हणून नोंदणी, परिचर्येची पदवी, वॉर्डातला अनुभव आणि माहितीशास्त्राचं प्रमाणपत्र. आपांकडं नोंदणी होती, अनुभव तर पंचवीस वर्षांचा. पदवीऐवजी पदविका, आणि प्रमाणपत्र नव्हतंच. मीच आग्रहानं अर्ज करायला लावला. मुलाखतीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं, इन्फर्मेटिक्स म्हणजे काय? आपा म्हणाल्या, "पेशंट जे सांगतो ते पुढच्या सिस्टरपर्यंत न सांडता पोचवायचं. आणि पन्नास जण तेच सांगायला लागले, तर ते कुणाच्या तरी ध्यानात यायला पाहिजे." तज्ज्ञांनी मान डोलावली. निवड मात्र पुण्याहून शिकून आलेल्या एका मुलीची झाली.

मी भांडायला निघाले होते. आपांनी अडवलं. "त्यांनी बरोबर केलं, बेटा. उद्या एखादा म्हणेल, मला वीस वर्षं सुया टोचता येतात, मलाबी सिस्टर म्हणा. चालेल का?" मग म्हणाल्या, "वाईट वाटलं. पण बरोबर केलं." आणि पन्नाशी उलटलेल्या या बाईनं पदवीला नाव घातलं! पुण्याची ती मुलगी त्यांना माहितीचे तक्ते कसे बांधायचे ते शिकवी. आपा तिला आयांशी कसं बोलायचं ते. पदवी झाली, मग प्रमाणपत्रही, आणि तसंच दुसरं पद निघालं तेव्हा ते आपांना मिळालं. निवृत्तीपूर्वीचे चौदा महिने त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर ते पदनाम होतं. मी एकदा विचारलं, "आता काय वेगळं वाटतं?" म्हणाल्या, "पहिलं मला दिसायचं. आता दुसऱ्याला दाखवता येतं."

गेल्या हिवाळ्यात त्या स्वतःच तिथं रुग्ण म्हणून होत्या, हृदयाच्या तक्रारीनं. मी भेटायला गेले तेव्हा ड्युटीवरची सिस्टर नोंद करत होती, आणि आपा मान उंचावून, "काय लिहिलंस? इकडं वळव की जरा," म्हणत होत्या. त्या मुलीनं हसून स्क्रीन वळवला. आपांनी वाचलं, एक वेळ दुरुस्त करायला लावली, आणि म्हणाल्या, "सगळ्यांनाच असं दाखवत जा. माझ्यासारखं मागायची हिंमत नसते लोकांना." त्या घरी गेल्यावर वॉर्डात तशी पद्धतच पडली, हे मला माहीत नव्हतं. गेल्या आठवड्यात वडिलांना घेऊन तिथं गेले. ओळखीचं कुणी नव्हतं. एका तरुण सिस्टरनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं, टाईप केलं, आणि स्क्रीन त्यांच्याकडं वळवून मोठ्यानं वाचून दाखवलं. "काका, मी असं लिहिलंय. बरोबर आहे का?"

वडिलांनी चष्मा सारखा केला. "चक्कर नाही हो बाई," ते म्हणाले, "डोळ्यांपुढं अंधारी येते. ते वेगळं."

"हो, वेगळंच," ती म्हणाली. तिनं तो शब्द पुसला आणि त्यांनी सांगितला तो लिहिला.