गुरुजी ऑन ड्यूटी

सायखेड्याच्या अलीकडच्या एका गावात आमची शाळा दोनशिक्षकी होती. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. म्हणजे कागदावर. गुरुजी शिक्षक संघटनेचे जिल्ह्याचे पदाधिकारी, त्यामुळे आठवडेच्या आठवडे नाशकात, जिल्हा परिषदेच्या आवारात. मस्टरवर त्यांच्या नावापुढे ‘ऑन ड्यूटी’. मी पंचवटीहून एसटीने यायचे, दोन खोल्यांमधल्या दारात खुर्ची टाकायचे आणि मान इकडून तिकडे फिरवत चारही वर्ग सांभाळायचे. इकडे बाराखडी, तिकडे भागाकार. धड ना हे, धड ना ते.

गुरुजी कामचुकार नव्हते, हे सांगायलाच हवं. माझी बाळंतपणाची रजा अडली तेव्हा त्यांनीच टेबलामागून टेबल फिरून ती मंजूर करून आणली. शिक्षकांची गाऱ्हाणी घेऊन फिरायला कुणीतरी मोकळं हवंच. पण त्या मोकळ्या माणसाचा वर्ग कुणी घ्यायचा?

हे मी एकदा संघटनेच्या सभेत विचारलं. म्हटलं, गुरुजी काम आपलं करतात, तर आपण सगळे वर्गणी काढू आणि डी.एड. होऊन घरी बसलेली एखादी मुलगी त्यांच्या वर्गावर ठेवू. हशा पिकला. एक जण म्हणाले, “बाई, पगार सरकार देतंय. तुम्हाला कशाला खिशात हात घालायची हौस?”

“सरकार देतंय तो तिसरी-चौथीला शिकवायचा,” मी म्हटलं.

“मग सरकारनेच जादा शिक्षक द्यावा. करू मागणी!”

टाळ्यांच्या गजरात ठराव मंजूर झाला. शिक्षक काही आला नाही. तेव्हा माझं डोकं फिरलं होतं, अजूनही आठवलं की फिरतं.

दिवाळीनंतर एका सकाळी गावाने शाळेला कुलूप ठोकलं. पुढे होती गावातली एक भाजी पिकवणारी बाई. तिची मुलगी चौथीत होती. ती म्हणाली, “बाई, तुमच्यावर राग नाय. पण माझ्या पोरीला धडा वाचता येत नाय. मास्तर द्या, कुलूप काढते.”

तालुक्याचे शिक्षणाधिकारी साहेब आले, आश्वासन देऊन गेले, कुलूप निघालं. पाठोपाठ नोटीस आली, ती मला. गुरुजी ऑन ड्यूटी, म्हणजे शाळेचा चार्ज माझ्याकडे. शाळा बंद पडली ती माझ्या हलगर्जीपणामुळे. चोर सोडून संन्याशाला सुळी. लांब डोंगरात सुरगाण्याकडे बदली होणार, असं कानावर येऊ लागलं. घरात पोर अजून नीट चालतही नव्हतं.

आणि मी धाव घेतली कुणाकडे? गुरुजींकडेच. त्यांनी जिल्हा परिषदेचे जिने झिजवले आणि नोटीस मागे घ्यायला लावली. ते पत्र घेऊन ते स्वतः शाळेत आले. म्हणाले, “बाई, आता सांगा. मी वर्गावर असतो तर हे कुणी केलं असतं?”

मी हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं, अगदी खरं. पलीकडे चौथी कालवा करत होती. गुरुजींनी आत डोकावून “गप्प बसा रे” म्हटलं आणि दुपारच्या गाडीने ते परत गेले. वर्ष तसंच सरलं.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आसपास पंचवटीच्या भाजीबाजारात ती बाई दिसली. शेजारी तिची मुलगी मेथीच्या जुड्या लावत होती. मुलीला पाचवीत सायखेड्याला घातलं होतं. वाचायला उभी केली की वर्ग हसायचा. दोन महिन्यांत तिने शाळा सोडली.

मला एकदम रागच आला, आणि तो निघाला नेमका त्या बाईवर. “मग पुन्हा का नाही कुलूप लावलंत? तेव्हा निम्मं वर्ष हातात होतं की!”

“लावणारच होतो, बाई,” ती म्हणाली. “समदे जमलोबी होतो देवळात. मग कोणीतरी म्हणलं, आपण कुलूप लावलं की बाईंनाच धाडत्यात सुरगाण्याला. लेकरू लहान हाय त्यांचं. म्हणून गेलो मग आपापल्या घरी.”