पाटांची पेटी

कामरगावात कुणाच्या घरी स्पीकरवर गाणं वाजत असलं आणि जगदेव त्या रस्त्यानं चालला असला, तर तो थांबणारच. गाणं ऐकायला थांबतो असं समजू नका. तो खोड काढायला थांबतो. "भाऊ, तुमची पेटी रडून राह्यली. मांगची फळी ढिली झाली," असं दारातूनच सांगून गडी पुढे चालू लागतो. घरधनी चिडतो, मनातल्या मनात चार शिव्या देतो आणि हप्त्याभरात तीच पेटी मोटरसायकलला बांधून जगदेवच्या मळ्यात हजर होतो.

मळा गावाला लागूनच आहे, घरही मळ्यातच. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, कडेला थोडी कापसाची पऱ्हाटी. सकाळी भाजी कारंजाच्या बाजारात रवाना झाली की जगदेव विहिरीजवळच्या टिनाच्या शेडात शिरतो. जुन्या स्पीकरचा फाटका कागद बदलायचा, तुटलेल्या तारांना डाख द्यायचा, आणि मग खरं काम, म्हणजे लाकडाची नवी पेटी. मोडक्या पलंगाचं, बैलगाडीचं, बंद पडलेल्या दुकानाच्या फळ्यांचं लाकूड तो बोटाच्या पेरानं ठोकून, कान लावून निवडतो. प्लास्टिकच्या स्पीकरचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरतं. "त्याले स्पीकर नाही म्हनत, तेलाचा डबा म्हनते!" पेटीच्या आत तो पिंजलेला कापूस भरतो, म्हणजे आवाज आतल्या आत घुमत राहत नाही. आणि ढुम! ढुम कसा पोटात बसला पाहिजे. तो नसला तर जगदेवच्या लेखी ती पेटीच नव्हे.

त्याच्या बायकोला, प्रयागबाईला, या कारभाराचं कौतुक शून्य. लग्न झाल्यापासून "आवाज कमी करा" हे तिचं रोजचं पालुपद. गेल्या दोनेक वर्षांत मात्र तिनं तेही सोडलं होतं. बायको सुधारली, असं जगदेवनं खुशाल धरून टाकलं.

त्यांची एकुलती एक पोरगी वैजयंती पुण्यात राहते. ऋषिकेशसोबत तिनं स्वतःच लग्न जमवलं, तेव्हा प्रयागबाई पुष्कळ रडली, भांडली, पण शेवटी स्वतःच्या हातानं हळद लावून आली. तेवढ्यावर मिटलं, असं सगळ्यांना वाटलं. पण मग फोनचं निराळंच सुरू झालं. पोरगी दर रविवारी फोन करायची, जगदेव पोटभर बोलायचा, आणि फोन आईकडे गेला की "हो, हो, बरं हाय, घे, तुया बापासंग बोल," एवढ्यात तो परत यायचा.

पावसाळ्यात वैजयंतीला डेंगू झाला. दवाखान्यातून तिनं फोन केला, आईकडे दे म्हणाली आणि आईपाशी रडली. प्रयागबाई म्हणाली, "बरं, बरं. माई भाजी करपून राह्यली," आणि फोन नवऱ्याच्या हातात देऊन चुलीकडे वळली.

"बाबा, आईचा राग अजून गेला नाही का हो?" पोरगी म्हणाली. "मी इथं रडतेय, आणि तिला भाजीचं पडलंय."

त्या दिवशी जगदेव बायकोवर जन्मात ओरडला नव्हता एवढा ओरडला. "अवं, काळीज हाय का गोटा हाय तुयं?" प्रयागबाई खाली मान घालून मेथी निवडत राहिली. त्यानंतर वैजयंती फोनवर फक्त बापाशी बोलू लागली. दिवाळी जवळ आली तशी ती म्हणाली, "आई बोलतच नाही, तर येऊन काय करू, बाबा?" मुलीचं माहेर असं आपल्या डोळ्यांदेखत तुटताना बघायचं म्हणजे चेष्टा आहे का?

याच दिवसांत मेडशीचे रतनसिंग, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, आपले जुने दोन स्पीकर घेऊन आले. दिवाळीत घरी वाजले पाहिजेत, अशी ताकीद देऊन गेले. जगदेवनं जीव ओतून पेट्या केल्या. फक्त एका ठिकाणी आळस केला. पिंजाऱ्याकडे जायचा कंटाळा आला, म्हणून घरच्याच पऱ्हाटीचा कापूस हातानं ओढून भरला. सरकी काही निघाली, काही राहिली. राहू दे, आत कोण बघतं!

पेट्या सुकायला ठेवल्या. नंतर गाणं लावलं, तर एका पेटीतून खर्र, खर्र. अशी खरखर, की रस्त्यानं जाणारा मोटरसायकलवाला आपलीच गाडी बिघडली समजून उतरून पाहू लागला. जगदेवनं स्क्रू आवळले, कागद तपासला, तारा बदलल्या. खरखर कुठून येते ते काही सापडेना. गावभरच्या पेट्यांची खोड काढणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या पेटीत खोड! त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

प्रयागबाई चहा घेऊन आली. गाणं चालूच होतं. नवऱ्याचा घामेजलेला चेहरा पाहून तिनं कप खाली ठेवला, वाजत्या पेटीवर तळहात टेकवला, हळूहळू फिरवला आणि खालच्या कोपऱ्यात थांबली. "इतं काईतरी हलून राह्यलं."

जगदेवनं मागची फळी काढली. मागच्या तारेच्या भोकातून उंदीर शिरला होता. आतली सरकी मजेत खाऊन त्यानं टरफलांचा ढीग नेमका त्याच कोपऱ्यात लावला होता.

"वा वा!" जगदेव मांडीवर थाप मारून हसला. "मले सापडली नाही अन् तुले बरी ऐकू आली खरखर!"

"ऐकू नाही आली," प्रयागबाई म्हणाली. "हाताले लागली."

जगदेवचं हसू जागच्या जागी विरलं. रस्त्यावरच्या माणसाला ऐकू आली ती खरखर हिला हातभर अंतरावरून ऐकू आली नाही? आणि मग त्याला एकेक गोष्ट आठवू लागली. मोटर चालू आहे का हे बघायला ही पाइपावर हात ठेवायची. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं सोडून वाफेकडे बघत बसायची. मागून हाक मारली तर वळायचीच नाही, आणि तो म्हणायचा, हिचा ताठाच फार!

"कधीपासून?" त्यानं गाणं बंद करून, तिच्यासमोर बसून विचारलं.

"दोन साल झाले असतीन. समोर बसून बोललं तं समजते. फोनात नुसता आवाज येते, बोल समजत नाही." तिनं पदर डोळ्यांना लावला. "पोरगी दवाखान्यात रडून राह्यली होती, अन् मले ते समजलंच नाही हो. तुमी ओरडले तवा समजलं."

"मंग सांगतलं काहून नाही, अवं?"

"काय सांगू? बुडी बहिरी झाली म्हनून?"

जगदेव लगेच फोन काढून पोरीला लावायला निघाला. तिनं त्याचा हात धरला. "तुमी नका सांगू. तिले वाटन, राग झाकाले मायनं बहाना केला. मी सांगीन, माया तोंडानं. पन ती काय म्हनते ते मले ऐकू तं याले पायजे."

"वाशीमच्या डॉक्टरकडं चाल."

"दिवाळी झाली का जाऊ. पहिले माई पोरगी."

झालं! रतनसिंगांच्या पेट्या बाजूला सरकल्या. फोनचा आवाज ज्यातून येईल अशी पेटी बायकोसाठी करायची ठरली. लाकूड कोणतं घ्यावं म्हणून जगदेव शेडात ठोकाठोक करत बसला, तर प्रयागबाईनं फडताळातून लग्नातले सागवानी पाट आणून पुढ्यात आदळले. "हे घ्या. आता पाटावर बसते कोन?"

पाटांची पेटी सुबक झाली. या खेपेला कापूसही पिंजाऱ्याकडून आला. पेटी स्वयंपाकघरात ठेवून, आपला फोन तिला जोडून जगदेव शेजाऱ्याचा फोन घेऊन वांग्यांच्या वाफ्यात गेला आणि तिथून घरी लावून बोलला. प्रयागबाई दारात येऊन ओरडली, "नुसती गडगड येते!" त्यानं पुन्हा पेटी उघडली. मोठा स्पीकर काढून लहान बसवला, पुन्हा वाफ्यात गेला, पुन्हा "गडगड!" शेवटी त्याच्या लक्षात आलं की त्याचा लाडका ढुमच आडवा येतोय. तो पोरीचे शब्द गिळून टाकतोय. मग त्यानं जड आवाज सगळा कमी केला आणि बारीक आवाज पुढे आणला. अशी पेटी दुसऱ्या कुणी केली असती तर त्यानं तेलाचा डबा म्हणून तिची गावभर शोभा केली असती. जिवावर आलं त्याच्या, पण केलं.

वाफ्यातून पुन्हा फोन लावून तो साध्या आवाजात म्हणाला, "चहा मांड वं."

"मी नाही मांडत!" दारातून उत्तर आलं. "तुमीच या अन् मांडा!"

जगदेव वांग्यांतून उड्या मारत घरी आला आणि त्यानं खरोखर चहा मांडला.

रविवारी फोन आला. जगदेवनं तो पेटीला जोडून चुलीजवळच्या फळीवर ठेवला आणि स्वतः गप्प बसला.

"हॅलो, बाबा?" स्वयंपाकघरभर वैजयंतीचा आवाज पसरला. प्रयागबाईचं पोळी लाटणं थांबलं.

"बाबा नाही. मी हाय, तुई माय."

पलीकडून फक्त "आई?" एवढंच आलं.

"वैजू, मले दोन सालांपासून ऐकू कमी येते. फोनात तं काईच समजत नव्हतं. तुया बापालेही ठाऊक नव्हतं. तू दवाखान्यातून बोलली, तवा मले वाटलं तू बरी हायेस." तिनं लाटणं खाली ठेवलं. "राग नव्हता, माय. लाज होती."

जगदेवचा जीव टांगणीला. मग पेटीतून अगदी बारीक, नाक ओढल्यासारखं काहीतरी आलं, इतकं बारीक की ढुम असता तर त्यात हरवूनच गेलं असतं. जगदेवनं बायकोकडे पाहिलं. तिनं मान कलती केली होती.

"काहून रडून राह्यली, वैजू?"

"मी कुठं रडतेय? सर्दी झालीय."

"सर्दी अशी नसते, माय. मले ऐकू येऊन राह्यलं."

मग काय विचारता! पेटीतून मोकळं रडणं फुटलं आणि चुलीपाशीही फुटलं. दिवाळीला कोणत्या गाडीनं येते, हे त्या रडण्यातच ठरून गेलं. सारं शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून जगदेवनं आवाज कमी करायला हात पुढे केला, तर पिठानं भरलेल्या हातानं प्रयागबाईनं त्याला चापट मारली.

"कमी कराल तं पाहा!"