थोडं म्हणजे किती?

'थोडंसं' या साध्या, निरुपद्रवी शब्दावर चिडणारा माणूस या पृथ्वीतलावर मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझ्या मेव्हणीचे सासरे. मेव्हणीचे सासरे हे नातं खरं तर लग्नात एकदा नारळ देऊन पाया पडण्यापुरतं. पण अमिरातीतल्या अल ऐनमध्ये आम्ही आणि मेव्हणी एकाच इमारतीत राहतो, आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि ती चौथ्यावर, त्यामुळे हे नातं माझ्या वाट्याला रोज येतं. समोर मी त्यांना अप्पा म्हणतो. आमच्या घरात मात्र त्यांचं नाव सासरेबुवा असंच पडलं आहे. उभी हयात त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली. सांगलीकडचे आठवडी बाजार, रॉकेलची दुकानं, सराफांचे काटे, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलेलं. मेव्हणीच्या सासूबाई गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं. माणूस निवृत्त होतो पण त्याच्यातला निरीक्षक होत नाही, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं नसावं.

ते पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा बायकोने रीतीप्रमाणे आग्रह केला, "अप्पा, थोडा शिरा घ्या ना अजून." सासरेबुवांनी ताटावर हात आडवा धरला आणि विचारलं, "थोडा म्हणजे किती?" बायको हसली. तिला वाटलं, गंमत करतायत. "थोडा म्हणजे... थोडाच की." "चमचा केवढा आहे?" तिने चमचा दाखवला. "सपाट भरणार का शिगोशीग?" त्या दिवसापासून माझी बायको त्यांना वाढताना फक्त आकड्यांत बोलते. हायपरमार्केटमध्ये भाजी वजन करून देणारा पेशावरचा एक माणूस आहे. त्याला ते आधी रिकामा काटा दाखवायला लावतात. पहिल्यांदा तो भडकला होता. आता सासरेबुवा लांबून दिसले की तो टोमॅटो बाजूला सारतो आणि स्वतःच ओरडतो, "चाचा, देखो, झीरो! यल्ला, अब डालूँ?" नळ दुरुस्त करायला आलेला मिस्त्री एकदा मेव्हणीला म्हणाला, "मॅडम, थोडा टाइम लगेगा, इन्शाल्ला." आतल्या खोलीतून आवाज आला, "कितना टाइम, वो पहले बोलो. इन्शाल्ला उसके बाद." मिस्त्रीने पान्हा खाली ठेवला आणि घड्याळात पाहिलं.

अशा माणसाला या शांत गावात दिवसभर करायचं काय? मुलगा-सून कामावर, नात शाळेत, आणि नात घरी असली तरी उत्तर इंग्रजीतून. मग सासरेबुवा लिफ्टने खाली उतरून लॉबीतल्या सोफ्यावर बसू लागले. तिथे सिक्युरिटीच्या टेबलामागे पास्काल असायचा. पास्काल कॅमेरूनच्या फ्रेंच बोलणाऱ्या मुलखातला, चाळिशीचा, दरवाज्याच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच आणि स्वभावाने अगदी गरीब. त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचून सासरेबुवा सोफ्यावरून उठलेच. "पास्काल! अरे, हे तर दाबाचं एकक!" मग त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "यू आर अ युनिट!" पास्कालला काही म्हणजे काही समजलं नाही, पण या देशात आल्यापासून इतक्या आनंदाने त्याला कुणी काहीच म्हटलेलं नव्हतं. तो त्यांना पापा म्हणू लागला.

पास्कालच्या इंग्रजीत सगळं होतं, फक्त मापाचा गोंधळ होता. "पापा, टुडे मच पीपल. मेनी नॉइज. टुमॉरो आय गिव्ह यू सम इन्फर्मेशन्स," असं तो म्हणायचा. सासरेबुवांनी खोदून खोदून चौकशी केली तेव्हा कळलं की फ्रेंचमध्ये माणसं असोत की आवाज असो, सगळ्याला एकच शब्द, बोकू. सासरेबुवा विजयी मुद्रेने माझ्याकडे वळले. "बघ! आपलं पुष्कळ आणि यांचं बोकू, एकच माल. पुष्कळ पाणी, पुष्कळ माणसं. ही मच-मेनीची भानगड इंग्रजांनी काढली." पण पास्कालला ती भानगड सोडवणं भाग होतं. त्याच्या कंपनीत सुपरवायझरच्या जागा निघणार होत्या, इथून दूर रास अल खैमाला, सिरॅमिकच्या एका कारखान्यावर. मुलाखत इंग्रजीत. सुपरवायझर झाला तर राहायला जागा मिळणार होती आणि बायको-मुलीला बोलावता येणार होतं. मुलीचा फोटो त्याने सासरेबुवांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो नीट पाहिला आणि म्हणाले, "टुमॉरो, क्लास."

तर हा क्लास. पहिला सिद्धांत असा की जे तराजूत जातं ते मच आणि जे मोजतात ते मेनी. मला हा सिद्धांत इतका पटला की मी ऑफिसात चार लोकांना ऐकवला. दुसऱ्या दिवशी सासरेबुवा केळी घेऊन खाली आले. "मेनी बनानाज," ते म्हणाले, कारण केळी डझनावर घेतात. पास्कालने नम्रपणे सांगितलं की इथे केळी किलोवर मिळतात, तेव्हा मच बनाना. सासरेबुवांनी केळी परत पिशवीत घातली. संध्याकाळी मला त्यांनी विचारलं, "मग आंबे? तेही डझनावर घेतो आपण. का ते रत्नागिरीत मेनी आणि इथे मच?" मी म्हटलं, "अप्पा, तसं नसतं." "मग कसं असतं?" ते मला सांगता येईना. मी बारावीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकलो आहे, पण त्या संध्याकाळनंतर केळ्याकडे मी पूर्वीच्या मोकळेपणाने पाहू शकलेलो नाही. मग केसांचं प्रकरण आलं. फ्रेंचमध्ये केस अनेकवचनी, इंग्रजीत एकवचनी. सासरेबुवांनी आधी पास्कालच्या डोक्याकडे बोट दाखवलं, "मच हेअर." मग स्वतःच्या टकलाकडे, "मेनी हेअर्स." आणि काय सांगू, व्याकरणात बसत नसलं तरी वस्तुस्थितीला ते धरून होतं.

सगळ्यात मोठा घोळ 'फ्यू' आणि 'अ फ्यू'चा. मी शाळेत शिकलेलं आठवून सांगितलं की नुसतं फ्यू म्हटलं तर जवळजवळ नाहीतच अशी कुरकुर असते, आणि अ फ्यू म्हटलं की आहेत बुवा काही, असं समाधान असतं. सासरेबुवांनी हे साफ फेटाळलं. "माल तेवढाच ना? तराजूला समाधान दिसत नाही." आणि त्यांनी प्रमाण ठरवून टाकलं. अ फ्यू म्हणजे तीन ते पाच. सेव्हरल सहा ते नऊ. दहापासून पुढे मेनी. पास्कालने ते पाठ केलं. पाठ मीही केलं, नाइलाजाने. मी इथल्या एका कॉलेजच्या अकाउंट्समध्ये आहे. साहेबांना मेल लिहिताना 'सेव्हरल फाइल्स आर पेंडिंग' असं लिहिलं आणि थबकलो, कारण पेंडिंग फाइल्स पाचच होत्या. उगाच खोटं नको म्हणून झालेली एक फाइल परत काढून पेंडिंगमध्ये ठेवली. घरी हे सांगितलं तर मुलगी म्हणाली, "बाबा, नोबडी काउंट्स लाइक दॅट!" मीही तसंच म्हटलं असतं, पण आता माझा मलाच भरवसा वाटेना.

जागा निघाल्या. नावं द्यायची तारीख आली. पास्काल रोज विचारायचा, "पापा, आय अॅम रेडी?" आणि सासरेबुवा मान हलवायचे, "नॉट यट. पडताळणी झाल्याशिवाय शिक्का नाही." पास्कालने नाव दिलं नाही आणि तारीख निघून गेली. पुढच्या खेपेला पुन्हा जागा होत्या, पुन्हा "नॉट यट" सुरू झालं. मेव्हणी एक दिवस आमच्या स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "भावजी, मला वाटतं अप्पा मुद्दाम अडवतायत त्याला. तो गेला तर खाली ते बोलणार कुणाशी?" मला हे खरंही वाटेना आणि खोटंही वाटेना. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाला गुंजभर कमी तोलू दिलं नाही, तो हे करील? आणि करीत नसेल, तर पास्कालचं एवढं चांगलं चाललेलं इंग्रजी त्यांना दिसत कसं नव्हतं?

शेवटी मी विचारलंच. आम्ही संध्याकाळी इमारतीला फेऱ्या मारत होतो. सासरेबुवा चिडतील असं मला वाटलं होतं, पण ते थांबले आणि म्हणाले, "तासगावात एक किराणावाला होता. रोज त्याच्याकडे चहा प्यायचो. चहा पितो म्हणून त्याचा काटा कधी पास केला नाही, आणि चहा बंद होईल म्हणून नापास करायलाही कधी कचरलो नाही. पण या खेपेला हात अडतोय खरा. पोराचं इंग्रजी कच्चं आहे का मलाच तो जायला नकोय, हे मला कळेनासं झालंय." मग थोडं पुढे जाऊन म्हणाले, "तू घे त्याची परीक्षा. नातेवाइकाचं दुकान असलं की आम्ही स्वतः काटा तपासायचो नाही, दुसऱ्या तालुक्याचा निरीक्षक बोलवायचो." मी म्हटलं, "पण अप्पा, पास्काल कुठे तुमचा नातेवाईक?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पापा म्हणतो ना तो मला!"

अशा रीतीने मी दुसऱ्या तालुक्याचा निरीक्षक झालो. लॉबीत सोफ्यावर मी, समोर ताठ उभा पास्काल, आणि सासरेबुवा आपला प्रभाव पडू नये म्हणून कुंडीमागे पाठ करून बसलेले. मी विचारलं, शुक्रवारी संध्याकाळी इमारतीत पाहुणे किती येतात? पास्कालने तोंड उघडलं, मिटलं, छताकडे पाहिलं. त्याची बोटं हलू लागली. दुसऱ्या मजल्यावर अमुक, तिसऱ्यावर तमुक. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सेव्हरल... नो. सॉरी. मेनी. वेट, सर, द बेबी इज ऑल्सो व्हिजिटर?" दुसरा प्रश्न विचारला, तेच. शब्द बरोबर, पण प्रत्येक शब्दाआधी मोजणी. चूक पास्कालची नव्हती, हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि ज्यांची होती ते कुंडीमागे होते. मी चाचरत म्हटलं, "अप्पा, इंग्रजी चांगलं आहे त्याचं. पण बोलण्याआधी तो... मोजतोय."

मग सासरेबुवा उठले, पास्कालसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पास्काल, फ्रॉम टुडे, नो काउंटिंग. माझे आकडे कॅन्सल. खलास. जस्ट लुक अँड स्पीक. अंदाजे." 'अंदाजे' हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तो उच्चारताना त्यांना त्रास झाला असणार, कारण नंतर ते तडक वर निघून गेले आणि त्या रात्री जेवलेही नाहीत, असं मेव्हणी म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र खाली येऊन त्यांनी पास्कालला नाव द्यायला लावलं, आणि मुलाखत होईपर्यंत रोज त्याच्याशी नुसत्या गप्पा मारल्या.

पास्काल पास झाला. जाताना त्याने सासरेबुवांना उचललंच. एवढा कडक माणूस जमिनीपासून अधांतरी, आणि "अरे सोड, सोड" असं मराठीत ओरडतोय, हे दृश्य आमच्या इमारतीने कधी पाहिलं नव्हतं. टॅक्सी वळून दिसेनाशी होईपर्यंत ते तिथेच थांबले. मग मला म्हणाले, "ऊन फार आहे, चल."

नवा गार्ड युगांडाचा आहे. पहिल्याच दिवशी सासरेबुवा नेहमीच्या वेळी खाली आले, सोफ्यावर बसले, घसा साफ केला आणि त्याला विचारलं, "मेनी पीपल टुडे?" तो हसून म्हणाला, "नॉट टू मेनी, सर. जस्ट अ फ्यू व्हिजिटर्स, अँड व्हेरी लिटल नॉइज. मे आय हेल्प यू विथ एनिथिंग?" एकही चूक नाही. सासरेबुवा सोफ्यावरून उठले. "नो, थँक यू," म्हणाले आणि लिफ्टकडे आले. मी तिथेच होतो. "चांगला आहे मुलगा," ते म्हणाले. "फारच चांगला आहे." त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. आता ते रोज खाली उतरत नाहीत.

परवा मी चौथ्या मजल्यावर गेलो होतो तेव्हा पास्कालचा फोन आला. सासरेबुवांनी तो स्पीकरवर टाकला. "पापा!" तो एवढ्या जोरात ओरडला की नातसुद्धा खोलीतून बाहेर आली. "पापा, आय हॅव टू गुड न्यूजेस!" बायको आणि मुलगी पुढच्या आठवड्यात येणार होत्या, आणि मुलीला शाळा मिळाली होती. मी सासरेबुवांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. आता दुरुस्ती येणार, 'न्यूज'चं अनेकवचन होत नाही यावर निदान पाच मिनिटं तरी जाणार. ती आली नाही. ते फक्त "गुड, गुड, व्हेरी गुड" म्हणत राहिले, आणि मुलीला फोन दे म्हणाले. ती इकडे आलेलीच नाही याची पास्कालने हसत हसत आठवण करून दिल्यावर स्वतःही हसले.

फोन ठेवल्यावर मला राहवेना. "अप्पा, न्यूजेस म्हणाला तो. सोडून कसं दिलंत?"

"ऐकलं मी," ते म्हणाले. फोन त्यांनी जपून खिशात ठेवला. "राहू दे ती चूक त्याच्याकडे. सगळंच नीट यायला लागलं तर तो मला फोन कशाला करील?"