सुतळी बॉम्बवाल्याला बंदूक द्यावी का?

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. गराजमधल्या रिकाम्या खोक्यांसारखे ते आपोआप साठतात. एक दिवस गाडी आत घ्यायला जागा उरत नाही आणि बायको ओरडते, "काढा आता ते सगळं बाहेर!" तर आज काढतोच.

मी अमेरिकेतल्या ट्रॉयचा जोशी. डेट्रॉइटच्या गाड्यांचे ब्रेक डिझाइन करण्यात उभा जन्म गेला. रिटायर झालो आणि घरात प्रत्येकाला कसं वागावं ते सांगायला लागलो. महिन्याभरात सुनंदानं, म्हणजे आमच्या सौ.नं, मला मुलीच्या ऑफिसात पिटाळलं. "तिथे फोन उचला, पुण्य लागेल," म्हणाली. पुण्य कोणाला लागेल ते तिनं सांगितलं नाही.

मुलगी केतकी. जन्म इथलाच, धंदा वकिली. डेंटिस्ट आणि नेल सलूनच्या मधे तिचं छोटंसं ऑफिस आहे. आणि काम? ज्यांच्यावर कधीकाळी फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, शाबीत झाला आणि त्यापायी बंदूक बाळगायचा हक्क गेला, त्यांना तो हक्क परत मिळवून देणं! शिक्षा भोगून झाली, ठरलेली वर्षं सरळ वागून काढली, की इथे कोर्टात अर्ज करता येतो. हा माणूस आता धोक्याचा नाही अशी जज्जची खात्री पटली, तर हक्क परत.

इथल्या महाराष्ट्र मंडळात कोणी विचारलं, "केतकी काय करते हो?" तर सुनंदा म्हणते, "लीगल फील्डमध्ये आहे," आणि लगेच इडलीचं पीठ थंडीत का फुगत नाही हा विषय काढते.

*

माझा पहिलाच दिवस. दारातून एक माणूस आत आला. आला म्हणजे, दार भरलं! दाढी छातीपर्यंत, दंडावर कवट्या गोंदलेल्या. मी आपला पेन सरसावून बसलो.

"तुम्हाला बंदूक कशाला हवी?" मी विचारलं. आपल्याकडे असं तोंडावर विचारायची पद्धत आहे.

"हरणं मारायला, सर."

झालं! मी चार पिढ्यांचा शाकाहारी. हरणानं तुमचं काय घोडं मारलंय, इथपासून सुरुवात केली ती डाळींमधल्या प्रोटीनपर्यंत गेलो. तो गृहस्थ मान खाली घालून ऐकत होता. शेवटी हळूच म्हणाला, "सर, तुम्हीच जज्ज का?"

आतून केतकी ओरडली, "नो! ही इज जस्ट माय डॅड!"

त्यानं चटकन डोक्यावरची टोपी काढली आणि खुर्चीत सरळ बसला. नंतर कळलं, त्याच्या केसमध्ये खऱ्या जज्जसमोर तो इतका घाबरला नव्हता.

*

शनिवारी सकाळी आम्ही चार जुने मित्र कोणाकडे तरी पोहे खायला जमतो. त्यात डॉक्टर सरदेसाई आहेत. सगळी हयात भूल देण्यात गेली, त्यामुळे त्यांना जागी माणसं फारशी आवडत नाहीत. ते गरजले, "फेलनी केलेल्याच्या हातात परत बंदूक? नेव्हर! एकदा घसरला तो घसरला!"

कुलकर्णी पडले मवाळ. "अहो, शिक्षा संपली म्हणजे संपली ना? मतदान परत देता, टॅक्स घेता, मग हा हक्क तेवढा का नाही? माणसाला दुसरा चान्स द्यायला नको?"

"आणि त्या चान्समध्ये कोणी मेलं तर? तुम्ही जाणार का सांत्वनाला?"

प्रश्न दोघांचेही खरे होते. मला कधी हा पटतो, कधी तो. पण तेवढ्यात सरदेसाई काकू पोह्यांवर खोबरं घालता घालता म्हणाल्या, "कुलकर्णी, मग आमच्या ह्यांना गणपतीच्या श्रीखंडाजवळ का येऊ देत नाही तुम्ही?"

फार मागे कधीतरी डॉक्टरांनी मंडळाच्या श्रीखंडात साखर समजून मीठ घातलं होतं. त्यावर कमिटीनं एकमतानं तहहयात बंदी घातली होती, आणि कमिटीचे अध्यक्ष कुलकर्णीच होते!

"ती गोष्ट वेगळी," कुलकर्णी म्हणाले. "तिथे दोनशे लोकांच्या जिवाचा प्रश्न होता."

*

आमच्यातले चौथे म्हणजे वानखेडे. नागपूरचे, केमिकल इंजिनियर, गाड्यांच्या पेंटमध्ये नाव काढलेला माणूस. आणि आमच्या ग्रुपमधले एकमेव फेलन!

गुन्हा ऐका. एका दिवाळीला वानखेड्यांना लहानपणीच्या सुतळी बॉम्बची आठवण आली. इथल्या दुकानातले फटाके त्यांच्या मते "डोहाळजेवणाचे" होते. मग स्वतःच्याच गराजमध्ये, स्वतःच्या डिग्रीच्या जोरावर, त्यांनी एक बॉम्ब वळला. मंडळाचा फराळ झाल्यावर पार्कात नेऊन ठेवला आणि त्यावर चकलीचा रिकामा डबा पालथा घातला. आपण सगळ्यांनी लहानपणी हेच केलंय. डबा किती वर उडतो ते बघायचं!

डबा फार वर उडाला. इतका, की आम्ही सगळे मान वर करून बघत राहिलो आणि वानखेडे अभिमानानं म्हणाले, "पाहा बापा!" तो खाली आला तो पार्काच्या पलीकडे, गस्तीच्या पोलीस गाडीच्या बॉनेटवर.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण स्फोटक ते स्फोटक! दिवाळी, बालपण, नागपूर, यातलं काही कायद्याच्या पुस्तकात नव्हतं. वानखेड्यांना बेड्या पडल्या, प्रोबेशन लागलं, कपाळावर फेलनीचा शिक्का बसला आणि बंदुकीचा हक्क गेला. त्यांनी आयुष्यात कधी बंदूक धरली नव्हती. "जाऊ दे," ते म्हणाले. "मले कायले पाहिजे बंदूक?"

*

जाऊ दे म्हणाले खरे, पण त्यांची एकुलती एक लेक पल्लवी मोठी होऊन काय व्हावी? पोलीस! आमच्या डॉक्टर-इंजिनियरांच्या कळपात ही एकटी कमरेला पिस्तूल लावून हिंडते.

आता कायदा असा, की शिक्षा झालेल्याच्या हाताला लागेल अशी बंदूक घरात नको. वानखेड्यांच्या सौ., शोभावहिनी, होत्या तोवर काही अडलं नाही. पल्लवी आईबाबांना भेटायला यायची ती पिस्तूल स्टेशनवर ठेवून. मग वहिनी गेल्या. वानखेडे त्या मोठ्या घरात एकटे पडले. पल्लवी म्हणाली, "बाबा, माझ्याकडे राहायला या. मी तिजोरी घेते. पिस्तूल आत, कुलपाचा आकडा फक्त मला माहीत. लीगल आहे, मी विचारून घेतलंय."

वानखेडे बॅग घेऊन गेले. पल्लवीनं तिजोरी दाखवली. चांगली जाडजूड, आकड्यांच्या कुलपाची.

ती बाबांसाठी चहा टाकायला आत वळली. परत येऊन बघते तर तिजोरी सताड उघडी, आणि वानखेडे तिच्यासमोर उभे! म्हणाले, "पल्लू, ही तिजोरी फसवी आहे गं. पैसे परत घे!"

हातात बटर नाइफ होती.

पल्लवीनं आधी तिजोरी बंद केली. मग खुर्चीत बसून रडली. बाप प्रोबेशन संपलेला फेलन, समोर उघडं पिस्तूल, आणि साक्षीदार कोण, तर कायद्याची शपथ घेतलेली पोलीस लेक! तिनं त्यांना बॅगेसकट घरी सोडलं. दारात म्हणाली, "बाबा, आय कान्ट. तुम्ही कुठलीही तिजोरी उघडाल."

"ते तर खरं आहे," वानखेडे म्हणाले. हे सांगताना त्यांना जरा अभिमान वाटत होता, आणि डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर ऑफिसात बसले होते. मी आपला नेहमीचा प्रश्न विचारला, "बंदूक कशाला हवी?"

"बंदूक नको रे जोशी," ते म्हणाले. "लेकीच्या घरी झोपायचं आहे."

मी अर्जाचा कोरा कागद पुढे ओढला आणि त्यावर त्यांचं नाव लिहिलं.

*

वानखेड्यांची तारीख लागेपर्यंत मी कोर्टात बसून बघायचो, की जज्ज कशाला भुलतात. एक दिवस डोरिस नावाच्या आजी आल्या. मोत्यांची माळ, हातानं विणलेला स्वेटर. तरुणपणी त्यांनी एक ट्रक जाळला होता.

अर्जदार भला माणूस आहे हे सांगायला कोणीतरी लागतं. डोरिसबाईंनी आणला आपला घटस्फोटित नवरा!

"ही फार शांत बाई आहे, युवर ऑनर," तो म्हणाला. "विचार केल्याशिवाय काही करत नाही."

"ट्रक कोणाचा होता?" जज्जनं विचारलं.

"माझाच."

"आणि तरी तुम्ही यांच्या बाजूनं?"

"तो दुसऱ्या बाईच्या दारात उभा होता, युवर ऑनर. हिनं आधी आतून माझा कुत्रा बाहेर काढला, मग काडी लावली."

जज्जनं चष्मा काढून पुसला. हक्क परत! मला त्या दिवशी कायद्याबद्दल प्रथमच प्रेम वाटलं.

*

वानखेड्यांसाठी केतकीनं साक्षीदार निवडला, डॉक्टर सरदेसाई. मी कपाळावर हात मारला. "अगं, तो माणूस शनिवारी काय बोलतो माहितीये ना?"

"दॅट्स व्हाय, बाबा," ती म्हणाली. "ते खोटं बोलत नाहीत."

सरकारी वकील तरुण होता, हुशार होता. त्यानं सरळ विचारलं, "डॉक्टर, फेलनी केलेल्यांना बंदुकीचा हक्क परत मिळावा असं तुमचं मत आहे?"

"अजिबात नाही!" सरदेसाई गरजले. कोर्टातला पेंगलेला शिपाईसुद्धा जागा झाला. "एकालाही नाही!"

केतकीनं डोळे मिटले. मी वानखेड्यांचा हात धरला.

"मग मिस्टर वानखेडेंना कसा द्यायचा?"

सरदेसाई गोंधळले. वानखेड्यांकडे बघितलं, वकिलाकडे बघितलं. म्हणाले, "पण हा फेलन कुठे आहे? हा वानखेडे आहे!"

वकील खाली बसला. मग जज्जबाई स्वतः वानखेड्यांकडे वळल्या. "त्या दिवशी जे केलंत त्याबद्दल आज काय वाटतं?"

हे उत्तर केतकीनं त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. पश्चात्ताप, जबाबदारी, सगळं. वानखेडे उठले, घसा साफ केला, आणि म्हणाले, "मॅडम, सुतळी जरा जास्त घट्ट वळली गेली."

केतकीनं हातातला कागद डोळ्यांवर धरला. वानखेड्यांच्या ते लक्षात आलं असावं. मग घोकलेलं सगळं सोडून ते हळू आवाजात बोलले. "चूक झाली. त्या गाडीत कोणाचा तरी मुलगा होता. माझी मुलगी आता तसल्याच गाडीत बसते. रोज डबा डोळ्यांसमोर येतो. मला बंदूक घ्यायची नाही. मी असलो की तिच्या घरात गुन्हा होतो, तेवढं थांबवा."

मागच्या बाकावर पल्लवी युनिफॉर्ममध्ये बसली होती. ती छताकडे बघत राहिली. जज्जबाईंनी निकाल सांगितला तेव्हाही ती छताकडेच बघत होती.

जाता जाता जज्जबाईंनी वानखेड्यांना विचारलंच, "डबा नेमका किती वर गेला होता?"

*

निकालानंतरचा पहिला दसरा. वानखेडे आता पल्लवीकडे राहतात. सकाळी त्यांनी पाट मांडला, रांगोळी काढली आणि घरातली अवजारं पूजेला ठेवली. पाने, पकडी, सोल्डरिंग गन. दर वर्षी हेच असायचं. या वेळी पल्लवी आतून आली आणि तिनं आपल्या पिस्तुलातल्या गोळ्या काढून, दोनदा तपासून, ते पाटावर ठेवलं. शेजारी बेड्या ठेवल्या.

वानखेड्यांनी सोल्डरिंग गन सरकवून पिस्तुलाला मधे जागा केली. मग त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. बेड्यांना जरा जास्तच कुंकू लावलं. "जुनी ओळख आहे," म्हणाले. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, आम्ही सगळे रेडबडच्या झाडाची पानं सोनं म्हणून वाटतो. त्यातलं एक त्यांनी पिस्तुलावर ठेवलं आणि नमस्कार केला. लेकीनं बापाला वाकून नमस्कार केला आणि तशीच ड्यूटीवर पळाली.

स्टेशनवर नेमकी त्या दिवशी हत्यारांची तपासणी! सार्जंट मोठा खडूस. एकेकाचं पिस्तूल हातात घेत, नाक मुरडत तो पल्लवीपर्यंत आला. तिचं पिस्तूल बाहेर काढलं. आधी होल्स्टरमधून एक पान पडलं. मग दोन-तीन तांदळाचे दाणे. मग त्यानं आपली बोटं बघितली. एक पिवळं, एक लाल.

"वानखेडे," तो दात आवळून म्हणाला, "तुझ्या सर्व्हिस वेपनला हात कोणी लावला?"

पल्लवी ताठ उभी राहिली. सगळ्या स्टेशनला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"माय फादर, सर! ही इज अलाउड!"