खिडकीमामांची विहीर

नांदुऱ्यातल्या आमच्या हवेलीची विहीर कशी खारी झाली, ही गोष्ट गावात अजून सांगतात. कोणी म्हणतं जमिनीच्या पोटातली शीर सरकली, कोणी म्हणतं घराला दृष्ट लागली. माझे एक शिक्षक स्नेही तर पूर्णेच्या काठचा खारेपणा दरसाल आपल्याकडे कसा सरकतो आहे, हे माझ्याच ओसरीवर बसून, माझ्याच घरचा चिवडा खात मला समजावून गेले. मी मान डोलावत ऐकून घेतलं. आजवर बायकोलाही सांगितलं नाही ते आता लिहितो. ती विहीर आपोआप खारी झाली नव्हती. तिच्यात मीठ मी टाकलं होतं.

हे सांगायचं तर खिडकीमामांबद्दल सांगितलं पाहिजे, आणि म्हणूनच इतकी वर्षं मी त्यांच्याबद्दल कुठे अवाक्षर काढलं नाही.

हवेलीच्या मागच्या भिंतीत, विहिरीच्या अंगाला, एक बुटकं दार होतं. त्याला सगळे खिडकी म्हणत. मागच्या आळीतल्या बाया त्यातून वाकून आत येत आणि पाणी भरून नेत. नांदुऱ्याच्या त्या भागात जिथे खणाल तिथे पाणी मचूळ, त्यामुळे आमच्या विहिरीचं पाणी म्हणजे आळीचा जीव. त्या खिडकीशी दगडावर बसलेले असत ते खिडकीमामा. पांढऱ्या मिशा, डोक्याला लाल फेटा, अंगात बंडी. उजाडलं की पहिली बादली ते स्वतः शेंदत, ओंजळभर पाणी तोंडात घेत, डोळे मिटून गालातल्या गालात फिरवत, गिळत आणि मग जाहीर करत, "हाव. जाग्यावर हाये." तोवर एकीचाही दोर विहिरीत पडत नसे.

आळीत कोंडाबाई नावाची एक भाजीवाली माळीण होती. ती रोज वैतागे. "मामा, रातीतून कुठी पळून जाते का ते पानी?"

"पान्याचं काई सांगता येत नाई, कोंडे," मामा म्हणत. "तुह्या जिभेचं येते. ते कालबी कडू होती, आजबी कडूच राहीन."

घराचा इतिहास ऐकायचा तर तोही मामांकडूनच. पाहुणा आला की मी त्याला कोरीव खांब आणि रंगीत काचांची तावदानं दाखवी. मामा मागून येत आणि म्हणत, "साहेब, आंधी इहीर, मंग घर." त्यांच्या लेखी ती हवेली म्हणजे विहिरीवर धरलेली एक मोठी छत्री होती, आणि मालक म्हणजे त्या छत्रीखाली पावसापुरते थांबलेले लोक.

पहिला मालक शेठ. वऱ्हाडचा कापूस विलायतेला सोन्याच्या भावानं जात होता त्या काळातला. त्यानं गावात जागोजाग विहिरी खणवल्या, सगळ्या खाऱ्या निघाल्या. इथे गोडं पाणी लागलं, तेव्हा त्यानं विहिरीभोवती हवेली उठवली. खणणारे मागच्या आळीतले होते, मामांचे वडील त्यांच्यातलेच. शेठनं त्यांना शब्द दिला की हे दार तुमचं, याला कुलूप लागणार नाही. दुसरे मालक देशमुख. बंदुका, घोडे, गाणंबजावणं. "देशमुखानं सगळं इकलं," मामा सांगत, "झुंबर इकलं, घोडे इकले, शेवटी घर इकलं. खिडकी नाई इकली." तिसरा रेल्वेचा ठेकेदार. त्यानं छतावरच्या वेलबुट्टीवर चुना फासला आणि दिवाणखान्यात लोखंडी सामान रचलं. मामांचा त्याच्यावरचा शेरा असा: "त्याले डोये नव्हते, पन तहान समजे."

चौथा मी. वडिलांच्या अडतीच्या पैशावर नागपुरास शिकलो, वकील झालो, मलकापूरच्या कोर्टात उभा राहू लागलो आणि पहिल्या दोन-चार खटल्यांतच माझी खात्री झाली की हवेलीखेरीज माझ्या बुद्धीला दुसरा निवारा शोभणार नाही. माझ्याबद्दल मामा पाहुण्यांना काय सांगतात, हे मी एकदा दाराआडून ऐकलं. "हे चवथे. मानूस चांगला हाये. पन घाईत हाये."

घाई कसली होती, तेही सांगून टाकतो. मला ऑनररी मॅजिस्ट्रेट व्हायचं होतं. त्यासाठी जिल्ह्याच्या साहेबाला घरी चहाला बोलवायचं, विहिरीजवळ हिरवळ करायची, विलायती गुलाब लावायचे, वेताच्या खुर्च्या मांडायच्या, असा सगळा बेत माझ्या डोक्यात तयार होता. त्या बेतात कुठेही डोक्यावर घागर घेऊन गुलाबातून वाट काढणारी कोंडाबाई बसत नव्हती. पण खिडकी उघडपणे बंद केली असती तर गावानं मला फाडून खाल्लं असतं, आणि मला लोकल बोर्डाची मतंही हवी होती. मला नीच व्हायचं होतं, पण नाव चांगलं ठेवून. वकिलाला असला मार्ग सापडतोच.

तो उन्हाळा मिठाच्या सत्याग्रहाचा होता. शेजारच्या अकोल्याकडे लोक खाऱ्या विहिरींचं पाणी आटवून मीठ काढत होते आणि त्यासाठी तुरुंगात जात होते. इकडे मी गोड्या पाण्यात मीठ घालत होतो, तेही सरकारचा कर रीतसर भरलेलं. सबंध हिंदुस्थानात त्या चळवळीच्या इतका उलट दिशेनं चाललेला दुसरा माणूस नसेल.

आळीत लग्न होतं. मामांसकट सगळे वऱ्हाडाबरोबर गेले होते. वैशाखातल्या भर दुपारी, कुत्रंही सावली सोडत नाही अशा वेळी, मी वडिलांच्या गोदामातून आणून ठेवलेली पोती फोडली आणि घमेल्याघमेल्यानं विहिरीत रिकामी केली. गड्याला सांगायची सोय नव्हती. आयुष्यात तेवढंच अंगमेहनतीचं काम मी मनापासून केलं आणि पाठीत उसण भरून घेतली. बायको तेल चोळता चोळता म्हणाली, "अहो, किती वाचता ओणवं बसून! जरा जिवाला जपा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या तावदानाआड उभा होतो. मामांनी बादली शेंदली, पाणी तोंडात घेतलं, डोळे मिटले. ते डोळे बराच वेळ उघडलेच नाहीत. मला वाटलं थुंकतील. पण त्यांनी ते पाणी गिळलं, आणखी एक ओंजळ घेतली, तीही गिळली.

"काऊन वो मामा?" कोंडाबाईनं विचारलं. "बोला ना. जाग्यावर हाये ना?"

"आज नोका भरू," मामा म्हणाले, आणि दगडावर जाऊन बसले.

माझ्या वकिली डोक्याला एक बारीकशी गोष्ट सुचली नव्हती. हवेलीतही पाणी त्याच विहिरीचं होतं. दोन दिवसांत घरचं वरण, भात, चहा सगळं आळीच्या बरोबरीला आलं. मग स्टेशनावरून गाडीवर पिंप भरून पाणी आणायची व्यवस्था केली. आळीतल्या बायांना गाडी कुठली! त्या ज्ञानगंगेच्या पात्रात झिरे उकरू लागल्या. आणि मी गावभर हळहळत हिंडलो.

चळवळीच्या बंदोबस्तासाठी साहेबाचा दौरा भर उन्हाळ्यातच निघाला. हिरवळ व्हायची होती तिथेच वेताच्या खुर्च्या मांडल्या. स्वयंपाक्यानं जुन्या सवयीनं किटली विहिरीच्या पाण्यानं भरली. साहेबानं घोट घेतला, कप खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं. बाहेर देशभर मिठावरून काहूर माजलेलं, आणि इथे एक वकील त्याला घरी बोलावून मिठाचा चहा पाजतो आहे! त्यानं टोपी उचलली आणि निघून गेला. मॅजिस्ट्रेटी तिथेच बुडाली. संध्याकाळी मात्र गावातली तरुण मंडळी हार घेऊन आली. "वकीलसाहेबांनी साहेबाला मीठ पाजलं!" मी हार घालून घेतला. पुढे त्याच हाराच्या बळावर लोकल बोर्डात निवडून आलो. वृक्ष, पाणी आणि सत्य या विषयांवर मी त्या काळात भाषणंही केली.

मामा त्या हाराच्या गर्दीत नव्हते. ते विहिरीशी बसून पाणी पीत होते, त्याच विहिरीचं. सगळा गाव झिऱ्यावर जात असताना हा एकटा म्हातारा रोज तेच पाणी पीत राहिला. पंधरवड्यात पाय सुजले, चेहरा सुजला. कोंडाबाई झिऱ्याचं पाणी आणून पुढे ठेवी, ते तिला परत करत. शेवटी मीच विचारलं, "मामा, हे काय चालवलंय?"

"ज्यानं बिघडवलं त्यानं पेलं पायजे, मालक," ते म्हणाले.

वाटलं, यांनी ओळखलं. पण ते स्वतःबद्दल बोलत होते.

"या भितीले खाली एक दगडी मोरी हाये. दिसते? वेशीबाहेरच्या वस्तीतलं कोनी आलं तर देशमुखाच्या वख्ती म्या अंदरून पानी टाको, थे बाहीर ओंजय धरत. ठेकेदाराच्या वख्तीबी. तुमी नवे आले. एक बाई आली, भर उन्हात, कडेवर पोर. म्हने, मामा, पानी. म्या म्हटलं, नवा मालक हाये, वकील हाये, काय म्हनन कोन जाने. म्हटलं, जाय बाई. तिनं जरासक पाह्यलं माह्याकडे. मंग गेली. शेठच्या बापाचं पानी होतं का थे? माह्या बापानं खनलं होतं. आन म्याच नाई म्हटलं. मंग इहीर फिरन नाई तं काय?"

मी तेव्हा सांगू शकत होतो. "मामा, मीठ मी टाकलं." चार शब्द. कोर्टात मी तासभर बोलत असे. मी म्हणालो, "असं काही नसतं, मामा. मनातून काढून टाका." आणि आत जाऊन स्टेशनचं थंड पाणी प्यालो.

त्यांची भाची पिंपळगाव राजाला दिलेली होती. ती दमणी जुंपून आली आणि त्यांना घेऊन गेली. दमणीत बसताना त्यांनी खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. ते गेल्यावर त्या दारातून साप येतात असं सांगून मी ते विटांनी बुजवून टाकलं. गुलाब लावले. ते त्या खाऱ्या पाण्यावर जळाले. विलायती असले तरी त्यांना माझ्यापेक्षा चव जास्त होती.

पावसाळा सरता सरता पाणी निवळलं आणि पुन्हा पहिल्यासारखं झालं. ते फक्त आमच्या घरात कळलं. बाहेर मी काही बोललो नाही, आणि बुजवलेल्या दारातून कोण चाखायला येणार होतं?

मामा अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा विहिरीचं पाणी तांब्याच्या कळशीत भरून, तोंडाला फडकं बांधून मी पिंपळगाव राजाला गेलो. सगळं सांगायचं असं ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्यंही जुळवली होती, चांगली होती. मामा खाटेवर पडले होते. भाचीनं उठवून बसवलं. मी पेला पुढे केला. त्यांनी पाणी तोंडात घेतलं, डोळे मिटले, गालात फिरवलं. त्या सुजलेल्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही उमटलं की मी माझी वाक्यं विसरलो.

"जाग्यावर हाये," ते म्हणाले. मग, "तिनं माफ केलं मले."

आता सांगितलं तर या माणसाची मिळालेली माफी काढून घेतल्यासारखं होईल, असं मी मनाशी म्हटलं. आणि माझ्या भित्रेपणाला मी दया असं नाव दिलं. ते नाव इतकं छान बसलं की वर्षानुवर्षं ते मी बदललं नाही.

"मालक, एक काम करा," मामा म्हणाले. "तिले बलवा. मोरीतून नाई, खिडकीतून अंदर बलवा. पयली बालटी तिले द्या. मंग कोंडीले, मंग बाकीच्यायले."

"देतो, मामा," मी म्हणालो.

"नाव मले ठाव नाई तिचं. तुमी इचारजा. तुमी वकील हा, तुमाले सापडन."

ते त्याच आठवड्यात गेले. मी त्यांना पोचवायला गेलो नाही, कोर्टात तारीख होती.

परवा हवेली पाहायला एक गिऱ्हाईक आलं. खांब पाहिले, तावदानं पाहिली, मग म्हणालं, "घर झकास आहे हो, पण या घराची विहीर खारी आहे म्हणतात." मी त्याला पाणी पाजलं. ते गोडं लागल्यावर त्याला अधिकच संशय आला. पाणी स्टेशनचं असावं असं वाटलं बहुतेक. पाचवा मालक आला नाही. शेठनं विहीर खणली, देशमुखानं खिडकी राखली, ठेकेदारानं तहान ओळखली, आणि हवेलीच्या इतिहासात माझी भर एवढीच, की तिच्यावर आता कोणाचा विश्वास नाही.

कोंडाबाई अजून आहे. झिऱ्याच्या वाटेवर दिसते, कमरेतून वाकली आहे. मला पाहिलं की म्हणते, "काय वकीलसाहेब, मामा असते तं सांगतलं असतं पानी कुठी गेलं."

खिडकीच्या विटा अजून तशाच आहेत. त्या बाईचं नाव मी अजून विचारलेलं नाही. तिच्या कडेवरचं पोर आता बाप्या झालं असेल. त्या विहिरीची पहिली बादली मी तिला देणं लागतो.