चार-आठच्या पुढे न जाणारा प्रोसेसर

नांदेडला तरोड्याच्या बाजूला महामाया लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. आठ वर्षं टायपिंग शिकवून ती या कामात आली. कॉम्प्युटर उघडायला ती घाबरत नाही. आत काय चाललंय ते कुणी धड सांगत नाही, एवढीच तिची तक्रार.

लातूरला पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारा तिचा धाकटा भाऊ सुगत आणि ती, दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून सारखे प्रोसेसर घेतले. सुगतनं आपला ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला. पाच पॉइंट एक गिगाहर्ट्झवर, दोघांच्या बोलीत पाच-एकवर, तो निवांत चालला.

"ताई, तूही कर. एक्स्पोर्ट लवकर होईल," तो फोनवर म्हणाला.

महामायेनं तोच आकडा टाकला. कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. पाचवर सुरू झाला आणि निळा पडदा दाखवून बंद पडला. चार-नऊवर मात्र चालला. नायगावच्या एका लग्नाचा व्हिडिओ तिनं एक्स्पोर्ट केला, म्हणजे एडिट संपवून शेवटची फाइल काढली, तर हळद लावतानाच्या दृश्यात नवरीच्या गालावर हिरवे चौकोन. कॉम्प्युटर थांबला नव्हता, कुरकुरला नव्हता. गुपचूप चुकला होता. याचंच तिला नवल वाटलं.

सुगतनं व्होल्टेज थोडं वाढवायला सांगितलं. वाढवलं, तर प्रोसेसर शंभर अंशांवर गेला आणि जळू नये म्हणून आपणच वेग कमी करून बसला. तिनं मोठा पंखा आणला. तापमान ऐंशीच्या आत आलं, चौकोन कमी झाले, पण गेले नाहीत. मग पॉवर सप्लायचा संशय आला. तीन आठवडे असेच गेले. शेवटी प्रोसेसर मूळच्या डबीत ठेवून तिनं लातूरची बस धरली.

सुगतच्या मशीनमध्ये, त्याच्याच पंख्याखाली, तिचा प्रोसेसर लावला. चार-नऊवर पुन्हा चौकोन. सुगतचा परत लावला, पाच-एकवर सगळं साफ.

"तू शिकवतोस ना हे?" तिनं विचारलं.

"शिकवतो," सुगत म्हणाला, "पण हे पुस्तकात न्हाई."

दोघं शिवमूर्तीकाकांकडे गेले. काका लातुरात पंचवीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, पण प्रोसेसर हातातही घेतला नाही.

"सिलिकॉनच्या एका चकतीतून असे शेकडो प्रोसेसर निघतात, बाई. बारीक फरक राहतोच. कंपनी बॉक्सवरच्या वेगाची हमी देते. त्याच्या वर एखादा लई पळतो, एखादा न्हाई पळत."

"मग माझं काय चुकलं?"

"काहीच न्हाई. व्होल्टेज वाढवून अजून थोडा रेटता येईल. पण वेग वाढतो कणभर अन् उष्णता मणभर. थंड ठेवला तरी जास्त व्होल्टेजनं तो आतून झिजून राहिलाय."

चूक सापडली असती तर तिला बरं वाटलं असतं. बाहेर आल्यावर सुगत म्हणाला, "ताई, माझा घेऊन जा. मला एवढा वेग लागत न्हाई."

"तुझा नेला तर हा का थांबतो ते मला कधीच कळायचं न्हाई," ती म्हणाली. सुगतला हे कारण काही उमगलं नाही. खरं तर तिलाही.

घरी येऊन तिनं व्होल्टेज उतरवलं, वेग चार-आठवर ठेवला आणि दिवसभर तपासलं. एकही चौकोन नाही. नायगावचा व्हिडिओ त्या घरी पोचला. नवरीचा फोन आला. छान झालाय म्हणाली, उशीर का झाला तेही विचारलं. महामायेनं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं.

दोन महिन्यांनी धर्माबादच्या एका वरातीत, घोड्याच्या मानेवर, एकच हिरवा चौकोन दिसला. तिनं काकांना फोन लावला.

"जास्त व्होल्टेज किती दिवस दिलं होतं?"

"तीन आठवडे."

"मग त्यानंच झिजला असेल," काका म्हणाले. मग म्हणाले, "नसेलही."

तिनं चार-सात टाकलं आणि वरात पुन्हा एक्स्पोर्टला लावली.